न केलेल्याचे फळ

आपल्या जुन्या दर्शनकारांनी कर्मविचाराची मांडणी करताना दोन दोषांची मोठी धास्ती घेतलेली दिसते. केलेल्या कर्माचे फळ वाया जाणे हा पहिला दोष, त्याला ते कृतनाश म्हणत. आणि न केलेल्या कर्माचे फळ कुणाच्या तरी पदरी पडणे हा दुसरा, त्याचे नाव अकृताभ्यागम. जगाचा हिशेब खरोखर नैतिक असेल तर या दोहोंपैकी एकालाही त्यात जागा असता कामा नये, असा त्यांचा आग्रह होता. पूर्वजन्म, संचित, प्रारब्ध ही सारी व्यवस्था त्यांनी लावली ती बऱ्याच अंशी हा आग्रह सांभाळण्यासाठी. एखादे मूल जन्मतःच दुबळे निघाले, तर त्याने या जन्मी काही केलेले नसते हे उघडच आहे. मग ते मागे कधीतरी केलेले असणार, एवढा एकच मार्ग तर्काला उरतो. ही व्यवस्था आम्हांला तरुणपणी चातुर्याची वाटे, पुढे करुणेची वाटू लागली, आणि गेल्या ज्येष्ठात कोसाडला एका गोठ्यासमोर उभे असताना ती आम्हांला फार सोयीची वाटली. त्या सोयीविषयीच येथे चार शब्द लिहावयाचे आहेत.

कोसाड आपल्यापैकी बहुतेकांना रेल्वेच्या खिडकीतून ठाऊक असते. सुरतेहून अहमदाबादेकडे निघालेली गाडी तापी ओलांडते, उत्राण मागे पडते आणि कोसाड येते. २००६ साली हे गाव महानगरपालिकेच्या हद्दीत आले, आणि त्यानंतर शेतांच्या जागी सरकारी आवासांच्या चौकोनी इमारती उभ्या राहिल्या. तरीही जुन्या वस्तीच्या कडेने अजून काही गोठे तग धरून आहेत. त्यांतला एक खानदेशातून दोन पिढ्यांपूर्वी आलेल्या कुटुंबाचा आहे. गोठ्याचा कारभार घरातल्या वृद्ध बाई पाहतात. नऊ म्हशी, वर पत्र्याचे छप्पर, खाली ओली फरशी. दुपारचे दोन वाजले होते आणि पारा चाळिशीच्या आसपास होता. सुरतेच्या उन्हाळ्याला विदर्भाचा कोरडेपणा नाही. खाडीवरून येणारी दमट हवा अंगाचा घाम वाळू देत नाही, आणि घाम वाळला नाही तर घामाचा उपयोगही नाही.

गोठ्यात दोन मोठे पंखे होते. दोन्ही पाच दुभत्या म्हशींवर फिरत होते. उरलेल्या चार पलीकडच्या दावणीला, पत्र्याच्या थेट खाली उभ्या होत्या. चौघी गाभण, चौघींचे दूध आटवलेले. आम्ही विचारले, तेव्हा बाई म्हणाल्या, "भाऊ, या भाकड आहेत. आषाढात वितील. आता काय देतात त्या?" आणि थोड्या वेळाने, आम्ही काही न विचारताच, "म्हैस काही सांगते का? तिला फार झालं की ती बसत नाही, उभीच राहते. सकाळपासून ही उभीच आहे बघा."

या उत्तरात क्रौर्य शोधू जाणाऱ्याची आम्हांला कीव येईल. विजेचे बिल त्या भरतात, पाण्याचा टँकर त्या मागवतात. १९५१ साली स्थापन झालेल्या सुमुलसारख्या संघाने या जिल्ह्यातल्या दूधवाल्याला फॅटवर भाव मिळण्याची खात्री दिली, आणि फॅट येते ते आज दूध देणाऱ्या जनावरातून. जे आज देत नाही त्याला आज काय द्यावे, हा प्रश्न त्यांच्यापुढे रोज उभा असतो आणि रोज त्याचे तेच उत्तर निघते. आमची अडचण निराळी आहे. त्या पलीकडच्या दावणीला चार जनावरे उभी होती असे बाई समजत होत्या, आणि तेथवर आम्हीही तसेच समजत होतो. वस्तुतः तेथे किमान आठ होती. आणि शास्त्राचे ताजे म्हणणे मानले तर बाराही असू शकतील.

म्हशीची घडण उन्हासाठी केलेली नाही. कातडी काळी, केस विरळ, घर्मग्रंथी गाईच्या मानाने फारच थोड्या. तिचा सारा उपाय डुंबण्यात आहे, आणि डबके नसेल तर तिच्याकडे दुसरा उपाय नाही. उष्णता अंगात साचू लागली की शरीर रक्त कातडीकडे वळवते, म्हणजे ते आतड्यांकडून काढून घेते. जनावर खाणे कमी करते, धापा टाकते, लाळ गाळते. ही लाळ म्हणजे नुसते पाणी नव्हे. रवंथ करणाऱ्या जनावराच्या लाळेत क्षार असतो आणि तोच पोटाच्या मोठ्या कप्प्यातली आंबट झालेली कालवाकालव आटोक्यात ठेवतो. लाळ तोंडाबाहेर गळली, रवंथ कमी झाली, धापांमुळे रक्तातलाही क्षार खर्ची पडला, की तो कप्पा अधिक आंबट होतो. तेथे कोट्यवधी जिवाणूंचे एक राष्ट्रच नांदत असते. म्हैस कडबा खाते असे आपण म्हणतो खरे, पण कडबा पचवतात ते हे जिवाणू, आणि त्यांनी पचवून टाकलेल्या आम्लांवर म्हैस जगते. आम्लता वाढली की तंतू फोडणारे सोशिक जिवाणू मागे पडतात आणि पिष्ट खाऊन आम्ल ओकणारे उठवळ पुढे सरसावतात. तिकडे रक्त कमी झालेल्या आतड्याच्या अस्तरातले सांधे सैल पडतात, आणि मेलेल्या जिवाणूंच्या कवचातले विष त्यांतून रक्तात झिरपते. चीनमध्ये पहिलटकर डुकरिणींना गर्भारपणाच्या अखेरीस उष्णतेत ठेवून त्यांची विष्ठा तपासली गेली, तेव्हा तिच्यातला जिवाणूंचा मेळ बदललेला आढळला. बाहेरून पाहणाऱ्याला यातले काही दिसत नाही. दिसते ते एवढेच, की ती बसत नाही.

आता पोटातल्याविषयी. अमेरिकेत फ्लॉरिडा विद्यापीठात जेफ्री डाल, जिमेना लापोर्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे एक साधा प्रयोग पुन्हापुन्हा केला. गाभण गाईंना विण्याच्या आधी, दूध आटवलेल्या शेवटच्या सहा-सात आठवड्यांत, दोन गटांत ठेवावयाचे. सावली दोघींना; पंखे आणि पाण्याचे फवारे एकाच गटाला. कोसाडच्या गोठ्यातली दुसरी दावण म्हणजे त्या प्रयोगातला दुसरा गटच म्हणावयाचा, फक्त येथे कुणी नोंद ठेवीत नाही. उकाड्यात राहिलेल्या गाईंची वासरे काही किलोंनी हलकी जन्मली. त्यांच्या रक्तात आईच्या चिकातून येणारी संरक्षक द्रव्ये कमी उतरली, आणि चांगला चीक पाजला तरीही ती कमीच उतरली. याचा अर्थ नीट समजून घ्यावयास हवा. माणसाच्या गर्भाला ही द्रव्ये वारेतून मिळतात. गाई-म्हशींच्या वारेतून ती जात नाहीत. त्यांचे पिलू या बाबतीत अगदी निःशस्त्र जन्मते आणि जन्मानंतरच्या पहिल्या दिवसभरात जे काही आतड्यातून शोषून घेईल तेवढेच त्याचे कवच. हे दार सुमारे चोवीस तासांत मिटते. गर्भात उष्णता सोसलेल्या वासरात ते आणखी लवकर मिटत असावे, असे या संशोधकांना वाटते. पुढे ही वासरे मोठी होऊन दूध देऊ लागली, तेव्हा पहिल्या वेतात त्यांनी दिवसाला सुमारे २.२ किलो दूध कमी दिले. आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या, दहा वर्षांच्या नोंदींवरून केलेल्या अभ्यासात त्यांच्या मुलींनीही, म्हणजे त्या मूळ गाईच्या नातींनीही, पहिल्या वेतात सुमारे १.३ किलो कमी दिले. नातीने तो उन्हाळा पाहिला नव्हता, तिच्या आईनेही उघड्या डोळ्यांनी पाहिला नव्हता. पण मादी गर्भाच्या अंगात तिची बीजांडे जन्माआधीच तयार होऊ लागतात. म्हणून गाभण आजी उन्हात उभी असते तेव्हा तिच्यापाशी तिघीजणी उभ्या असतात. वर आम्ही बारा म्हटले ते याच हिशेबाने. गाय आणि म्हैस एक नव्हेत, फ्लॉरिडा आणि कोसाड एक नव्हेत, हे मान्य. परंतु ज्या जनावराला ऊन अधिक लागते त्याचे पिलू अधिक निर्धोक असेल असे मानण्यास आम्हांला तरी आधार दिसत नाही.

जिवाणूंचा वारसा हा याहूनही विचित्र प्रकार आहे. पिलाच्या पोटात पहिले जिवाणू येतात ते विण्याच्या वाटेतून, आईच्या चाटण्यातून, सडांवरून, गोठ्यातल्या शेणातून. गर्भातच काही पोहोचतात की काय याविषयी शास्त्रज्ञांत वाद आहे, त्यात आपण पडू नये. आई ज्या जिवाणूंना बाळगून असेल तेच ती चाटून देणार, आणि उन्हाळ्याने तिचा मेळ बिघडवला असेल तर बिघडलेला मेळच देणार. वारसा म्हटला की आपण रक्त, बीज, गोत्र यांचा विचार करतो. आपल्या घरांत तर तो जरा जास्तच होतो; दोनशे वर्षे गुजरातेत राहूनही मूळ गाव आणि कुलदैवत विचारल्यावाचून सोयरीक पुढे सरकत नाही. येथे मात्र जिभेने चाटून दिलेला एक वारसा आहे आणि त्यात आईच्या गोत्राइतकाच त्या वर्षीच्या वैशाखाचाही वाटा आहे.

एक ओघात आलेली गोष्ट. आपण खरवस आवडीने खातो. गुजराती शेजारी त्याला बळी म्हणतात आणि तितक्याच आवडीने खातात. आश्विन वद्य द्वादशीला वसुबारस करून आपण सवत्स धेनूची पूजा करतो, त्या दिवशी दूधतूप वर्ज्य मानतो. येथल्या स्त्रिया श्रावण वद्य चतुर्थीला बोळचोथ करतात, तीही गाय-वासराचीच. दूध मुळात कोणाचे, हे वर्षातून एक दिवस आठवण्याची सोय दोन्ही समाजांनी करून ठेवली आहे. मात्र या दोन्ही व्रतांत वासरू जन्मलेले असते, आईच्या शेजारी उभे असते, त्याला कुंकू लावता येते. जन्माआधीच्याचे व्रत आम्हांला आठवत नाही. माणसांत डोहाळजेवण आहे, जनावरांत नाही.

आता प्रश्नाच्या गाभ्याकडे वळू. फ्लॉरिडाच्या आकड्यांनी आम्ही हेलावलो, हे खरे. पण ते आकडे कशाचे आहेत हे ध्यानात आल्यावर थोडे वरमलोही. ते दुधाचे आहेत. मुलीने किती कमी दिले, नातीने किती कमी दिले. नुकसान मोजले गेले ते आपल्या बाजूने. हलके जन्मलेले, आजारी पडणारे, लवकर कळपातून काढले जाणारे जे जनावर, त्याच्या बाजूने त्या उण्या आयुष्याला काय म्हणावे याचा रकाना त्या तक्त्यात नाही. आणि नर? रेड्याला दूध नाही, म्हणून त्याच्या वाट्याच्या उन्हाळ्याला आकडाही नाही. ज्ञानेश्वरांनी पैठणला रेड्याच्या मुखी वेद आणले असे आपण सांगतो; त्या कथेतले सर्वांत अवघड वाक्य, म्हणजे रेड्याच्या पाठीवरचा आसूड ज्ञानेश्वरांच्या पाठीवर उमटला हे, आपण कीर्तनात ऐकतो आणि घरी येऊन विसरतो.

पाश्चात्त्य तत्त्वज्ञानात डेरेक पार्फिट यांनी १९८४ साली आपल्या ग्रंथात एक कोडे मांडले. ते या गोठ्यात चपखल बसते. आपण एखादी कृती निराळ्या वेळी केली असती तर जो जन्मला तो जन्मलाच नसता, दुसरा कुणी जन्मला असता. मग जो जन्मला त्याचे आपण वाईट केले, असे म्हणता येईल काय? समजा, उपाय म्हणून बाईंना कोणी सुचवले, की म्हशी अशा बेताने भरवा की शेवटचे दोन महिने वैशाख-ज्येष्ठात येऊ नयेत. म्हशीचा गर्भकाळ सुमारे ३१० दिवसांचा. तिला चैत्रात भरवावे म्हणजे ती माघात विते. निसर्गाला हे फारसे मंजूर नाही, कारण म्हैस माजावर येते ती मुख्यतः पावसाळ्यानंतर, दिवस लहान होऊ लागले की. पण समजा जमले. मग माघात जे पारडू जन्मेल ते आषाढातल्या पारडाहून वेगळेच असेल, दुसऱ्या बीजाचे. आषाढातल्या पारडाला आपण वाचवले नाही, त्याला जन्मूच दिले नाही. त्याच्या बाजूने बोलावयाचे तर, दुबळे का होईना, त्याचे आयुष्य त्याच उन्हाळ्यातून येणार होते. तो उन्हाळा नाही तर तेही नाही.

हे कोडे खोटे नाही, पण त्याने फार जणांना फार लवकर झोप लागते असा आमचा अनुभव आहे. पंख्याला ते लागूच पडत नाही. ज्येष्ठात पोटात जे आहे ते ठरून गेलेले आहे, त्याचे बीज बदलत नाही. त्याच्या आईवर पंखा फिरला तर तेच पारडू सशक्त जन्मेल, न फिरला तर तेच अशक्त जन्मेल. येथे 'कुणाचे वाईट केले' या प्रश्नाला पुरते उत्तर आहे. त्या पारड्याला अजून नाव नाही, दावण नाही, पण ते 'कुणीतरी' आहे. एकच हेतू असलेल्या या दोन उपायांत नैतिकदृष्ट्या इतके अंतर असावे, हे आम्हांला आधी सुचले नव्हते. वेळ बदलणे ही व्यवस्था झाली. पंखा वळवणे हे देणे झाले, आणि देण्याला घेणारा असतो.

जनावरांपुरते हे बोलून थांबणे अप्रामाणिकपणाचे होईल. मे २०१० मध्ये अहमदाबादेत उष्णतेची लाट आली, तेव्हा तेथील एका रुग्णालयात नवजात अर्भकांच्या नोंदी पुढे तपासल्या गेल्या. पारा ४२ अंशांच्या वर गेला की प्रत्येक अंशामागे उष्णतेने आजारलेल्या अर्भकांची भरती ४३ टक्क्यांनी वाढलेली आढळली. प्रसूतिकक्ष सर्वांत वरच्या मजल्यावर, छपराखाली होता. तो खालच्या मजल्यावर आणल्यावर ही भरती घटली. जिना उतरण्याएवढा तो उपाय! आणि पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गर्भवतींचा जो अभ्यास चालवला, त्यातून दिसले, की तेथील अर्भके सरासरी २.७ किलोंची, इंग्लंडमधल्या अर्भकांपेक्षा कितीतरी हलकी, पण अंगातली चरबी मात्र तितकीशी कमी नाही. आणि या घडणीचा पुढच्या मधुमेहाशी संबंध आहे. आईने शेतात काय खाल्ले हे मुलाच्या पन्नाशीत रक्तात उतरते. आपल्या घरांत मधुमेहाला 'आमच्या घराण्यातच आहे' असे म्हणण्याची रीत आहे. त्या वाक्यात गर्भारशी सुनेच्या ताटात काय वाढले जात असे, हा प्रश्न सुखाने झाकला जातो.

हीच ती सोय. संचित हा शब्द दुबळ्या जन्मलेल्याला उद्देशून वापरला की हिशेब पुरा होतो आणि शेजारच्या कुणाकडे बोट दाखवावे लागत नाही. दर्शनकारांचा हेतू असा नव्हता. जग अन्यायी आहे असे म्हणणे त्यांच्या जिवावर आले असावे. परंतु अकृताभ्यागम हा दोष आपल्या डोळ्यांदेखत, पत्र्याखाली, रोज दुपारी दोन वाजता घडतो आहे. तो तर्कातून काढून टाकल्याने गोठ्यातून जात नाही. आम्हांला त्याच परंपरेतला दुसरा एक शब्द अधिक उपयोगी वाटतो. पितृऋण फेडावयाचे असते ते पितरांना नव्हे, पुढच्या पिढीला जन्म देऊन. म्हणजे मागचे देणे पुढे चुकते करण्याची कल्पना आपल्याकडे होतीच. ती माणसांच्या वंशाबाहेर कधी नेली गेली नाही, इतकेच. नेल्यास कुठे थांबावे, असे कुणी विचारील. शंका रास्त आहे आणि आमच्याजवळ तिचे उत्तर नाही. मात्र शेवटची पायरी दिसत नाही म्हणून पहिली चढूच नये, असे आम्हांला वाटत नाही.

उत्राणच्या वीजकेंद्रात ८५ मीटर उंच शीतन-मनोरा होता. मार्च २०२३ मध्ये स्फोटके लावून तो काही सेकंदांत पाडला, तेव्हा बघ्यांची गर्दी लोटली होती. तो आम्हांला येथे आठवण्याचे कारण एवढेच, की यंत्र तापू नये म्हणून इतका उंच मनोरा बांधणे कुणाला अतिरेकी वाटले नव्हते.

त्या दुपारी आम्ही बाईंना हे सारे सांगितले नाही, सांगण्याजोगे नव्हतेही. एवढेच विचारले, की एक पंखा पलीकडे फिरवता येईल का. त्या म्हणाल्या, वायर पुरत नाही. मग थोडा विचार करून त्यांनी नातवाकडून गोणपाटे भिजवून आणवली आणि दोन जास्त दिवस गेलेल्या म्हशींच्या पाठीवर टाकवली. त्यातली एक तासाभराने बसली. दमट हवेत ओल्या गोणपाटाचा उपयोग किती, हे आम्ही त्यांना सांगितले नाही, कारण ती बसलेली आम्ही पाहिली होती.

आषाढात आम्ही पुन्हा गेलो तेव्हा तीच म्हैस व्याली होती. वगार झाली होती, अंगाने बारीक, पण पायांवर उभी. पंख्याची वायर वाढवून घेतलेली होती आणि एक पंखा मधोमध आणून दोन्हीकडे फिरता ठेवला होता. दुभत्यांचे दूध थोडे घटले, असे बाईंनी तक्रारीच्या सुरात सांगितले. निघताना त्यांनी स्टीलचा डबा पुढे केला. "खरवस आहे, घेऊन जा. आधी तिला पोटभर पाजलाय, मगच काढलाय," त्या म्हणाल्या. आम्ही क्षणभर त्या वगारीकडे पाहिले आणि डबा घेतला.